‘ग’ गडूचा, मूल म्हणते तांब्या: मुळाक्षरांची चित्रपुस्तके पारखताना

मुळाक्षरांचे पुस्तक विकत घेताना बहुतेक पालक दोन गोष्टी पाहतात: सगळी अक्षरे आहेत ना आणि रंग छान आहेत ना. दोन्ही गोष्टी जवळपास प्रत्येक पुस्तकात असतात, म्हणून त्यांवरून निवड होत नाही. निवड होते ती चित्रावरून, आणि ती कशी करायची हे दुकानात उभ्या उभ्या तपासता येते. चित्राखालचा शब्द अंगठ्याने झाका आणि तीन-साडेतीन वर्षांच्या मुलाला विचारा, “हे काय?” मूल जो शब्द म्हणेल त्याचा पहिला आवाज पानावरच्या अक्षराचा असेल, तर ते पान उत्तीर्ण. नसेल तर चित्र कितीही देखणे असो, ते पान मुलाला काही शिकवत नाही, उलट अडवते.

ही कसोटी लावली की बाजारातली निम्मी पाने गळतात. ‘ग’ला गडू काढलेला असतो, मूल म्हणते तांब्या. ‘ए’ला एडका, मूल म्हणते बकरी. ‘ख’ला खटारा, मूल म्हणते गाडी. ‘इ’ला इमारत, मूल म्हणते बिल्डिंग. ‘थ’ला थवा, मूल म्हणते पक्षी, आणि ‘य’ला यज्ञ दाखवला की ते सरळ “आग!” म्हणून मोकळे होते. चूक मुलाची नाही. हे शब्द अंकलिपीत एकदा बसले ते पिढ्यान्‌पिढ्या उतरवले गेले. ऐरण, उखळ, ईडलिंबू या वस्तू आज कित्येक घरांत मोठ्यांनीही हाताळलेल्या नसतात.

नव्या पुस्तकांपैकी चांगली कोणती, हे ओळखायला याच अडचणीच्या अक्षरांची पाने आधी उघडावीत. ‘क’ आणि ‘प’ कोणालाही जमतात. कमळ आणि पतंग यांत चुकायला जागाच नाही. खरे कसब ‘इ’, ‘ई’, ‘ए’, ‘ऐ’ला लागते. ‘इ’ला इडली घेणाऱ्या चित्रकाराला मुले कळतात. ‘उ’ला उशी, ‘औ’ला औषध, ‘ए’ला ताटात एकच लाडू आणि ‘एक’ हा शब्द, ‘ऐ’ला कानामागे हात धरून ‘ऐक!’ म्हणणारी आजी: हे शब्द मूल दिवसभर ऐकत असते. ‘ई’ला तर चिखलात बरबटलेले हात आणि ‘ईऽऽ!’ एवढेच पुरते. हा उद्गार शिकवावा लागत नाही. वस्तूचेच नाव हवे हा हट्ट सोडला की अवघड अक्षरे सोपी होतात, आणि पुस्तक गमतीचे होते ते इथेच.

चित्र चुकते ते शब्दामुळेच असे नाही. ‘ओ’ला ओठ दाखवताना अख्खा चेहरा काढला तर उत्तर ‘तोंड’ किंवा ‘ताई’ येणारच. ‘न’च्या नळातून धो धो पाणी आणि खाली भरलेली बादली असेल तर मूल नळ सोडून बाकी सगळे सांगते. ‘ढ’च्या ढगामागून हसरा सूर्य डोकावला की ढग संपला. एका पानावर एकच वस्तू, ती पानाच्या निम्म्याहून मोठी, मागे सपाट रंग. लहान वयाच्या पुस्तकाला एवढी शिस्त हवी. पांढऱ्या पानावर पांढरा लसूण छापणारे महाभागही आहेत. फळे, भाज्या, भांडी यांना छायाचित्र चालते. प्राण्यांना आणि क्रियांना हाताने काढलेले चित्र जास्त बोलते. दोन्हींची खिचडी झालेली पुस्तके सहसा इकडून तिकडून चित्रे गोळा करून जुळवलेली असतात आणि त्यांत शब्दांकडेही तेवढेच लक्ष दिलेले असते.

मराठी पुस्तकाची परीक्षा यापुढे थोडी वेगळी होते, कारण आपले अक्षर म्हणजे नुसता व्यंजनाचा आवाज नाही. ‘क’मध्ये ‘अ’ मिसळलेला आहे. म्हणून ‘क’ला कासव दाखवले तर कानाला ऐकू येते ‘का’, पानावर दिसतो ‘क’. चार-साडेचार वर्षांचे मूल इथे अडते: “का कुठेय?” पहिल्या पुस्तकात शक्यतो बिनकान्याचे, बिनमात्रेचे शब्द हवेत: कमळ, खडक, गवत, घर, ढग, नळ, पतंग, फणस, बदक, मगर. प्रत्येक अक्षराला असा शब्द मिळत नाही हे खरे (‘ठ’ला ठसा घ्यावा लागतो), तरी निदान पहिले अक्षर मोकळे असावे. किवी, कोंबडी, केळे अशी पाने असलेले पुस्तक वाईट नाही, ते बाराखडी सुरू झाल्यावरचे आहे. मुखपृष्ठावर मात्र ‘वय २+’ छापलेले असते. छापणाऱ्याने ते बहुधा आतली पाने न पाहताच छापलेले असते.

च, ज, झ यांची पाने स्वतंत्र तपासा. ‘चमचा’तला च आणि ‘चहा’तला च एक नाही, ‘जाळे’ आणि ‘जिराफ’, ‘झाड’ आणि ‘झेंडा’ यांचेही तसेच. एकाच पानावर चमचा आणि चिमणी शेजारी शेजारी काढून खाली ‘च’ लिहिला की आवाजाचा खेळ खेळणारे मूल गोंधळते, आणि ते बरोबरच असते. चांगल्या पुस्तकात एका पानावर एकाच उच्चाराचे शब्द असतात. दुसरा उच्चार पुढच्या पानावर वेगळ्या रंगात येतो. असे पुस्तक क्वचितच मिळते. मिळाले नाही तर पालकांनी एका उच्चाराची चित्रे घ्यावीत, दुसरी तूर्त वगळावीत.

ण आणि ळ यांनी मराठी शब्द सुरूच होत नाही. बाणाचे चित्र दाखवून “ण, बाणाचा” म्हटले की मूल म्हणते ‘ब’. इथे दोनच उपाय चालतात. एक, पानावर शब्दातले शेवटचे अक्षर वेगळ्या रंगात मोठे छापलेले असावे. दोन, आधी ओळखीच्या झालेल्या चित्राचाच पुन्हा उपयोग: ‘न’च्या पानावरचा नळ ‘ळ’च्या पानावर परत येतो आणि या वेळी शब्दाचे शेपूट रंगवलेले असते. हा दुसरा उपाय ज्या पुस्तकात दिसेल ते डोळे झाकून घ्यावे, कारण तिथे कोणीतरी विचार केला आहे. ‘क्ष’ला क्षत्रिय योद्ध्याऐवजी रिक्षा घेणारी पुस्तकेही याच जातीची. ङ, ञ, ऌ यांची पाने नसली तर तक्रार करू नका. तीन वर्षांच्या मुलाला ‘क्लृप्ती’ या शब्दाची गरज नसते. ‘अः’ला कोणी ‘अहाहा’ घालते, कोणी ‘प्रातःकाळ’. दोन्ही सोडून दिली तरी काही अडत नाही. ‘ॲ’ आणि ‘ऑ’ मात्र हवेत. राज्य शासनाच्या २००९ च्या निर्णयाने त्यांना वर्णमालेत जागा दिली, आणि ॲम्ब्युलन्स व ऑक्टोपस मुलांच्या तोंडी असतातच.

ऑनलाइन खरेदीत एक फसगत नेहमी होते: हिंदी पुस्तकावर मराठी मुखपृष्ठ. ओळखायच्या खुणा सोप्या आहेत. ‘ळ’चे पान नाही. ‘ड़’ किंवा ‘ढ़’ खाली टिंब घेऊन बसलेले आहेत. ‘ॲ’च्या जागी ‘ऍ’ आहे. ‘भ’ला भालू, ‘अ’ला अनार, ‘ट’ला टमाटर आहे. आवाजाचे पुस्तक असेल तर ‘ज्ञ’चे बटण दाबा, ‘ग्य’ ऐकू आले की परत ठेवा. ‘ऋ’चा ‘रि’ झाला तरी तेच. विक्रेत्याने आतल्या पानांचे फोटो दिले नसतील तर प्रश्न विचारून ‘ळ’च्या पानाचा फोटो मागवावा. एवढ्या एका पानावरून बरेच कळते.

आता अक्षराच्या छपाईकडे. घ आणि ध, म आणि भ, य आणि थ या जोड्यांत मुलाला फरक दिसतो तो शिरोरेषेच्या तुटलेल्या जागेवरून आणि डावीकडच्या गाठीवरून. स्वस्त, नक्षीदार फाँटमध्ये ही फट बुजते, आणि मग मूल वर्षभर ‘घर’ला ‘धर’ वाचते. पुस्तकात या तीन जोड्या शोधा आणि हात लांब करून पाहा. फट दिसली पाहिजे. ‘ख’चे दोन भाग खाली जोडलेले हवेत, नाहीतर तो ‘रव’ होतो. ल पाकळीचा आणि श देठाचा, हे शासनाने मान्य केलेले मराठी वळण शाळेतही तसेच येते. हिंदी वळणाचे ल-श असलेले पुस्तक घेतले तर पहिलीत पुन्हा नव्याने गिरवावे लागते. ५, ८, ९ या आकड्यांच्या वळणातही हाच घोळ होतो. अक्षर निदान चार सेंटिमीटर उंच असावे, सगळीकडे सारख्या जाडीचे असावे, आणि त्याच्या पोटात डोळे, नाक, हसू काढलेले नसावे. ‘म’ला मगरीचे दात लावले की मुलाला मगर लक्षात राहते, म राहत नाही.

बाजारात मिळणारे प्रकार मुख्यतः चार. पहिली आपली जुनी पिन मारलेली अंकलिपी, वीस-पंचवीस रुपयांपासून पुढे. हिला चित्रपुस्तक म्हणणे धाडसाचे आहे: एका पानावर सहा ते बारा चौकोन, प्रत्येकात नखाएवढे चित्र, पातळ कागद, मागच्या पानाची शाई पुढे दिसते. पाढे, बाराखडी, महिने, वार सगळे एका जागी मिळते, म्हणून पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या उजळणीला आणि मोठ्यांच्या संदर्भाला ती ठीक. (अंकांच्या पानांवर हल्ली ‘वीस एक’ आणि ‘एकवीस’ दोन्ही वाचन दिलेले दिसते. दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात २०१९ मध्ये हे आले तेव्हा बराच गदारोळ झाला होता. दोन्ही असलेले बरे.) तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती ही देऊ नये, कारण आठवड्याभरात पिन सुटते आणि तोंडात जाते.

दुसरा प्रकार जाड पुठ्ठ्याच्या पानांचा, साधारण दीडशे ते चारशे रुपयांचा. दोन ते चार वर्षांसाठी हाच घ्यावा. पान दीड-दोन मिलिमीटर जाड, कोपरे गोल, पुस्तक पूर्ण उघडून जमिनीवर सपाट राहणारे. बिघाड ठरलेला: मूल कोपरा चोखते, लाळ लॅमिनेशनच्या कडेने आत शिरते, पुठ्ठ्याचे थर सुटतात. घेतानाच कोपऱ्यावर नख फिरवून पाहावे. प्लास्टिकचा पापुद्रा उचलला जात असेल तर ते महिनाही टिकणार नाही. वासही घ्यावा. उग्र शाईचा वास असेल तर दोन दिवस हवेशीर ठेवून मगच द्यावे, आणि तरी गेला नाही तर परत करावे. याची मर्यादा अशी की जाड पाने वीस-चोविसांपेक्षा जास्त बसत नाहीत, त्यामुळे प्रकाशक एका पानात दोन-तीन अक्षरे कोंबतात. त्यापेक्षा पंधराच अक्षरे असलेले, एका पानाला एक अक्षर देणारे पुस्तक सरस. ‘अपूर्ण’ म्हणून पालक ते बाजूला ठेवतात. त्यांनी ठेवू नये.

तिसरा प्रकार खेळाच्या पुस्तकांचा: झडपा, ओढपट्ट्या, फिरत्या चकत्या. झडप उघडण्यापूर्वी मूल अंदाज करते, आणि तोच तर धडा. “पतंग उडतोय, झडपेमागे ‘प’चा आणखी कोण?” पोपट निघतो. झडप पानाच्या कडेला न चिकटवता पानातूनच कापून दुमडलेली असेल तर जास्त टिकते. ओढपट्टी दमट हवेत फुगते आणि अडकते. कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यात हे ठरलेलेच. पट्टीवर मेणबत्ती हलकेच घासली की परत सरकते. बाराखडीची फिरती चकती दिसायला आकर्षक असते, पण खिडकीत नीट पाहा: पहिल्या वेलांटीची काठी अक्षराच्या डावीकडे येते, आणि बहुतेक चकत्यांना ती जागाच ठेवलेली नसते. ‘कि’च्या जागी कापलेला काहीतरी आकार दिसतो. मधली रिव्हेट सैल असेल तर अक्षर आणि मात्रा एका रेषेत येत नाहीत. चकती न घेतलेली बरी. दोन पुठ्ठ्याच्या पट्ट्या सरकवून घरी केलेली जास्त नीट चालते.

चौथा प्रकार बटण दाबून बोलणारा. यात एकच गोष्ट आधी पाहायची: बॅटरीचा कप्पा स्क्रूने बंद आहे का. गोल चपटा सेल मुलाने गिळला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. नुसत्या खटक्याचे झाकण असलेले पुस्तक कितीही स्वस्त असले तरी घरात आणू नये. खेळणे म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूवर १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय खूण बंधनकारक आहे, ती शोधावी. मग उच्चार ऐकावेत. ‘म’ला ‘माऽऽ’ असा लांबवलेला आवाज असेल तर पुढे वाचताना त्रास होतो, तो का ते खाली येईलच.

पुस्तक घरी आल्यावर ते कसे वापरावे यावर त्याची अर्धी किंमत अवलंबून आहे. तीन वर्षांपर्यंत अक्षराचा उल्लेखच करू नये. चित्रे, नावे, गप्पा, बस. साडेतीनच्या पुढे आवाजाचा खेळ: पतंगाचे पान उघडून “पतंग, पपई, पंखा… अजून काय?” मूल ‘भोपळा’ म्हणाले तर चूक म्हणू नये, भो-पळा असे तोडून दाखवावे. इथे अनुप्रासाची पुस्तके फार उपयोगी, ज्यांत पानावर एक अचाट वाक्य असते. ‘गाढव गवारीच्या गाडीत गात बसले’ अशा वाक्याला अर्थ नसला तरी चालतो; मूल ते पाठ म्हणते आणि ‘ग’ कानात बसतो. पुस्तकात नसेल तर वाक्य आपण रचावे, मुलाचे नाव त्यात घालावे.

अक्षरांना चार वर्षांच्या आसपास हात घालावा, आणि क-ख-ग-घ या क्रमाने मुळीच नाही. वर्णमालेचा क्रम तोंडाच्या जागांप्रमाणे सुंदर लावलेला आहे, पण शिकणाऱ्याला तो त्रासाचा: घ आणि ङ पहिल्याच ओळीत येतात. ‘गमभन’ का म्हणतात ते इथे कळते. वळणे जवळची आहेत. सुरुवातीला तरी भ बाजूला ठेवून र घ्यावा, कारण ग, म, न, र या चार अक्षरांत मन, नग, मगर, नगर, गरम, नरम, नमन इतके शब्द होतात. मूल दुसऱ्या आठवड्यात खरा शब्द वाचते, आणि मग त्याला ओढावे लागत नाही. पुढे स, ब, क, ळ जोडले की रस, बस, कमळ. पुस्तकाची पाने याच क्रमाने उघडावीत. बैठक दहा मिनिटांची, पाने दोन, त्यांतले एक जुने.

इथे नेहमी एक अडथळा येतो. मूल म, ग, र नीट ओळखते, तरी ‘मगर’ वाचता येत नाही. ते ‘माऽ गाऽ राऽ’ म्हणते आणि स्वतःचाच शब्द त्याला ऐकू येत नाही. कारण अक्षर शिकवताना प्रत्येकाचा ‘अ’ ताणलेला असतो, आणि बोलताना आपण शेवटचा ‘अ’ गिळतो. म्हणून पानावर बोट ठेवताना ‘म’ आखूडच म्हणावा, आणि तीन अक्षरे एका दमात, शेवटचे जवळजवळ तोडून.

गिरवायची पाने पुस्तकात असतील तर ती शेवटी. आधी बोटाने रव्याच्या ताटात, मग जमिनीवर खडूने मोठे अक्षर काढून त्यावर चिंचोके मांडायचे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या बालवाड्यांत महागड्या साधनांऐवजी शंख-शिंपले, बिया, पाने वापरली. तो मार्ग आजही अडीचशे रुपयांच्या गिरवणी-वहीपेक्षा चांगला आहे. चिंचोके नाकात जाऊ शकतात, तेव्हा मोठ्यांनी शेजारी बसावे.

एक सूचना गावानुसार. पुस्तकातले शब्द बहुतेक पुण्या-मुंबईचे असतात. विदर्भातले मूल पेरूच्या चित्राला ‘जाम’ म्हणेल, आणि ‘प’चे पान फसेल. जाम चुकीचे ठरवू नका. त्या पानावर पतंगाचे चित्र कापून चिकटवा आणि जामाचे चित्र ‘ज’च्या पानाला द्या. परदेशातल्या मराठी शाळांना ऊस आणि फणस दाखवण्यात वेळ घालवण्यापेक्षा ‘ऊ’ला ऊन आणि ‘फ’ला फळा देणारे पुस्तक जास्त उपयोगी, तिथे अडचण अक्षराची नसून शब्दाचीच असते. फक्त फळा घेतला तर त्यावर काही लिहिलेले नको, नाहीतर मूल लिहिलेलेच वाचायला बघेल.

पुठ्ठ्याच्या पानाचा कोपरा सुटला तर सेलोटेप लावू नका; तो चोखला की निघतो आणि तोंडात जातो. सुटलेला पापुद्रा कात्रीने कापून टाका, थरांच्या मध्ये काडीने पांढऱ्या फेविकॉलचा पातळ हात द्या, प्लास्टिकच्या कागदात गुंडाळून रात्रभर जड वस्तूखाली ठेवा. पुसताना फडके ओले नको, दमट हवे, आणि पुस्तक उन्हात वाळवू नका. पाने वाकतात आणि मग कधीच सपाट बसत नाहीत.